मोहनरावांच्या हातातली मेणबत्ती

शिरूर कासार
१६ डिसेंबर २०२४

चि. शिवकन्या,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. म्हणजे जे उरलेत ते.

फोन सोडून पत्र का, तर माझे कान. तुझा फोन आला की 'हॅलो मामा' एवढं कळतं, पुढचं मी अंदाजाने 'हो, हो' म्हणतो. मागच्या आठवड्यात कशाला हो म्हणालो, देव जाणे. तुझी मामी होती तेव्हा ती फोन कानाला लावून मला हातवाऱ्यांनी सांगायची. आता ती सोय संपली. तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात दाखले लिहिले, तेव्हा लिहायला मात्र जमतं.

मामी गेल्यावर तू नवव्या दिवशी निघून गेलीस, दहाव्याला थांबली नाहीस, यावर गावाचं अजून समाधान झालेलं नाही. 'गीताबाईनं लेकीवानी वाढिवलं अन् पोरगी दहा दिस थांबली न्हाई.' मी सांगतो, मीच पाठवलं, कंपनीत हजर व्हायची तारीख आधीच ठरली होती. मग गीताबाईने तारीख बघून मरायला पाहिजे होतं, असं कुणी तोंडाने म्हणत नाही, पण चेहऱ्यावर तेच असतं.

भेटायला माणसं अजून येतात. 'धीर धरा' म्हणतात, चहा घेतात आणि मुद्द्यावर येतात. 'शिवकन्या गॅसमधी लागली म्हनं. एक टाकी जादा मिळंल का?' शेजारच्या उज्ज्वलाबाईंनी तर त्यांची शेगडीच आपल्या ओट्यावर आणून ठेवली आहे. डावा बर्नर पेटत नाही. तू आलीस की बघशील, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

गीता गावभर सांगायची, आमची शिवकन्या गॅस इंजिनिअर होणार. लोक पुढचं विचारायचे आणि तिला सांगता यायचं, कारण तिला तू समजावलेलं असायचं. आता ते खातं माझ्याकडे आलंय आणि मला त्यातलं काही कळत नाही. तू तिथे नेमकं काय करतेस ते सविस्तर लिही.

तुझे आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर पोचले. बहिणीचा निरोप आला. ऊस चांगला आहे म्हणते, म्हणजे कमरेचं काही खरं नाही.

तुझा
आश्रुबा मामा

ता. क. भाकरी जमते. आकाराचं सोडलं तर.


बीड
२२ डिसेंबर २०२४

ती. मामा,

तुमच्या आशीर्वादांइतकाच नेहमीचा माझा नमस्कार.

फोनवर मी विचारलं होतं, दोन्ही वेळा जेवता ना. तुम्ही 'हो, हो' म्हणालात. ते उत्तर आता बाद. लेखी कळवा.

उज्ज्वलाकाकूंना सांगा, मी शेगड्या दुरुस्त करत नाही आणि टाक्याही आणत नाही. आमच्या कंपनीचा गॅस जमिनीखालच्या पिवळ्या पाइपातून घरोघरी येणार आहे, नळाच्या पाण्यासारखा. हे उदाहरण बीडमध्ये देऊ नये, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. एक आजोबा म्हणाले, 'म्हंजी पंधरा दिसाला एकदा का?'

माझा हुद्दा शिकाऊ अभियंता. सहा महिने पारखून बघणार, मग साहेबांचा शेरा चांगला असला तर कायम. साहेबांचं नाव सुग्रीव. त्यांचं एकच तत्त्व आहे, 'वरून फोन आला नाही पाहिजे.' सुरक्षेच्या पुस्तकात ते कितव्या पानावर आहे ते मी शोधते आहे.

काम असं. रस्त्याच्या कडेने चर खणतात, त्याची खोली मी टेपने मोजते. एक मीटर पाहिजे. ठेकेदाराची माणसं पाऊण मीटर खणतात आणि काठावर मातीचा उंच बांध घालतात, म्हणजे वरून मोजलं की मीटर भरतो. मी तो बांध पायाने सारला तेव्हा मुकादमाने विचारलं, 'मॅडम, तुमचं लगीन ठरलंय का?'

पाइप जोडले की सांधे तपासायचे. हातात धरायचं एक मापक यंत्र आहे, हवेत गॅस असला की ते किंचाळतं. पण शेवटचा निकाल साबणाचं पाणी देतं. सांध्यावर ब्रशने लावायचं, फुगे आले तर गळती. रामेश्वर नावाचे फिटर आहेत, वीस वर्षं याच कामातले. ते म्हणतात, 'यंत्र साहेबाचं ऐकतं. साबन कुनाचंच ऐकत न्हाई.'

डोक्यावर हेल्मेट असतं. फार मोठं आहे. मी मान हलवली की ते थोड्या वेळाने हलतं. मामीला दाखवायचं राहिलं.

फेब्रुवारीत शहराच्या कडेला आमचं पहिलं केंद्र सुरू होईल. मोठ्या दाबाचा गॅस तिथे कमी दाबाचा करून गल्ल्यांमध्ये सोडतात. उद्घाटन मोहनरावांच्या हस्ते. आपल्याकडचे पुढारी, तुम्ही त्यांना ओळखताच. बीडमध्ये गॅस त्यांनी आणला, असं ते सांगतात. जमिनीखाली तो आधीपासून होता आणि त्यांनी फक्त हाक मारली, अशा आवाजात सांगतात. साहेब सध्या मोठी समई शोधतायत. कंपनीच्या सामानाच्या यादीत नट, बोल्ट, वॉशर सगळं आहे, समई नाही.

मी बरी आहे. खोलीवर चार मुली आहोत, बाकीच्या तिघी पोलीस भरतीच्या क्लासच्या. रोज पहाटे मैदानावर पळतात. मी झोपते.

तुमची
शिवकन्या


शिरूर कासार
८ जानेवारी २०२५

चि. शिवकन्या,

दोन्ही वेळा जेवतो. एका वेळी कमी, एका वेळी उरलेलं.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग पारावर जाऊन बसलो. आता मला विचारा, म्हटलं. पंधरा दिसाला एकदा, यावर सगळे हसले. चर पाऊण मीटरचा, यावर कुणी हसलं नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

समईची चिंता साहेबांना सोडून द्या म्हणावं. तुझ्या मामीची समई पाठवतो आहे. तिच्या माहेरची, कमरेएवढी, पाच वातींची, तुझ्या माहितीची. बीडच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहे, गोणपाटात बांधून. स्टँडवर जाऊन घे. चिंचेने घासली आहे. दोन तास लागले. ती हे दर सणाला करायची आणि मी ओट्यावर पेपर वाचत असायचो, एवढंच लिहितो.

ती गेल्यापासून समई लावलेली नाही. लावायला हरकत नाही, असं गुरव म्हणाला, पण मला काडी ओढवली नाही. तुझ्या कामाच्या जागी लागली तर बरं होईल. परवा नारायणगडला दर्शनाला जाऊन आलो, तिथे भेटेल त्याला सांगून टाकलंय, गीताची समई मोहनरावांच्या हातून लागणार. मोहनरावांच्या म्हशी मी पुष्कळ तपासल्या आहेत. खुद्द त्यांना तपासायचा योग आला नाही. असो. मोठा माणूस आहे, फोटो तरी पेपरात येईल.

फोटो पाठव. समई पुरी दिसली पाहिजे. मोहनराव अर्धे आले तरी चालतील.

आश्रुबा मामा


बीड
१९ जानेवारी २०२५

ती. मामा,

समई सुखरूप मिळाली. कंडक्टरने तिच्यासाठी वेगळी सीट धरली होती. साहेब खूश आहेत. त्यांनी ती ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी ठेवली आहे आणि येणारे लोक चपला काढूनच आत येतात.

एक गोष्ट सांगते, काळजी करू नका. पुस्तकात लिहिलंय की केंद्राच्या कुंपणाच्या आत उघडी ज्योत न्यायची नाही. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, 'गॅस आदल्या दिवशी भरून, तपासून आपण मोकळे झालेले असू. आणि दीपप्रज्वलन म्हणजे ज्योत नाही, ती संस्कृती आहे.' पुस्तकात संस्कृतीबद्दल काही नाही, तेव्हा मी पुस्तक मिटलं.

फोटोचं नक्की.

शिवकन्या


शिरूर कासार
१३ फेब्रुवारी २०२५

शिवकन्या,

फोटो आला नाही. बातम्या आल्या. तीन माणसांनी तीन आणल्या.

पहिला म्हणाला, तू मोहनरावांच्या हातातली मेणबत्ती तोंडाने फुंकून विझवलीस. दुसरा म्हणाला, एकदा नाही, दोनदा. तिसरा म्हणाला, जेवण तयार नसताना माइकवरून जेवायला बोलावलंस आणि लोक रिकाम्या ताटांपुढे तासभर बसले. तिसऱ्याला सर्वांत जास्त राग होता, कारण तो तिथे बसलेला होता.

समई परत आली. त्याच कंडक्टरने आणली, या वेळी टपावरून. वाती तशाच पांढऱ्या आहेत.

तुझ्या मामीची समई मोहनरावांच्या हातून लागू नये असं तुला वाटत असेल, तर तसं लिहायचं होतंस. मी पाठवली नसती. चारचौघांत तोंडाने ज्योत विझवायची, आणि ती या घरातल्या मुलीने, वर्ष झालेलं नसताना! ज्योत फुंकू नये, पदराने शांत करावी, हे तुला तिनेच शिकवलं होतं. गावात आता तुला 'दिवा विझवणारी' म्हणतात. टाकीचं आता कुणी विचारत नाही, हा एक फायदा.

काय झालं ते लिही. लपवाछपवी नको.

मामा


बीड
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

तिन्ही बातम्या खऱ्या आहेत. फक्त त्यांच्या मधलं कुणी सांगितलेलं नाही.

गॅस आदल्या दिवशी भरायचा होता. गॅसची गाडी आली कार्यक्रमाच्याच दिवशी सकाळी नऊला. कार्यक्रम अकराचा. नव्या पाइपात आधी हवा असते, ती गॅसने ढकलून उंच नळीतून बाहेर सोडावी लागते. ते पुरं होऊन सांधे तपासेपर्यंत जवळपास काडीसुद्धा ओढायची नसते. साहेब म्हणाले, तासाभरात उरका. कार्यक्रम पुढे ढकला, असं वर फोन करून सांगायची त्यांची तयारी नव्हती. फोन वरून येतो, खालून जात नाही.

त्यात मांडव. धूळ फार म्हणून मंडपवाल्याने तीन बाजूंनी कनाती लावल्या होत्या आणि वर कापडी छत. आमचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो आणि छताखाली साठतो. अकराला दहा मिनिटं कमी असताना स्टेजच्या मागच्या सांध्याजवळ माझ्या हातातलं यंत्र किंचाळलं. काठीला बांधून छताजवळ नेलं तर थांबेचना. रामेश्वरकाकांनी सांध्याला साबण लावला. फुगे गुलाबजामाएवढे.

मी साहेबांच्या कानात सांगितलं. ते हसतमुखाने म्हणाले, 'पाच मिनिटं. दिवा झाला की बघू.' आणि त्यांनी मेणबत्ती पेटवून मोहनरावांच्या हातात दिली.

मी फुंकली. सगळ्यांना वारा वाटला. मोहनराव पण म्हणाले, 'वारं लई हाय आज.' साहेबांनी पुन्हा पेटवली. मी पुन्हा फुंकली. या वेळी वारा वाटला नाही, कारण माझं हेल्मेट मोहनरावांच्या फेट्यावर आपटलं. मग मी काड्यापेटीच खिशात घातली.

'कावून गं ए पोरी? कोनाची हाईस तू?'

'शिरूरच्या आश्रुबांची भाची.'

'जनावराच्या दवाखान्यातला? मंग बरोबर हाय.'

यात बरोबर काय होतं, मला कळलं नाही.

मांडवात दीडशे माणसं होती. गॅस गळतोय असं सांगितलं असतं तर सगळे बघायला पुढे आले असते. म्हणून मी माइक घेतला आणि म्हटलं, मागच्या मैदानात जेवणं सुरू झाली आहेत. दोन मिनिटांत मांडव मोकळा. पूजेला आलेले गुरुजी सगळ्यांच्या पुढे. मोहनराव एकटे उभे होते, हार घालून. मग कनाती काढून टाकल्या, रामेश्वरकाकांनी सांधा आवळला, यंत्र शांत झालं. तोवर मोहनरावांची गाडी गेली होती आणि साहेबांना वरून फोन आला होता.

मामा, वाती पांढऱ्या राहिल्या त्यात मामीचा संबंध नाही. मोहनरावांचाही नाही. तिथे काडी घेऊन तुम्ही उभे असतात तरी मी फुंकली असती.

आता पुढचं. साहेबांनी एक कागद टाइप करून दिलाय. तो तसाच उतरवते: 'दि. ११ रोजी केंद्रात कोणतीही गळती नव्हती. माझ्या मामींचे नुकतेच निधन झाल्याने माझे मानसिक संतुलन ठीक नसून मला भास झाला. मान्यवरांच्या झालेल्या अवमानाबद्दल मी क्षमा मागते.' खाली माझं नाव आणि सहीची जागा. सोमवारी चोवीस तारखेपर्यंत सही केली तर नोकरी राहते, नाही तर सहा महिन्यांची वाट बघायची गरज नाही, असं साहेब म्हणाले. साहेब वाईट नाहीत. त्यांनी 'मामींचे' वर अनुस्वार दिलाय, आदरार्थी.

त्या दिवशी मी रडले नव्हते. कागद वाचून खोलीवर आल्यावर रडले. म्हणजे कागद थोडा खरा झाला.

काय करू?

शिवकन्या


शिरूर कासार
१८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्या,

सही कर.

कागदाने कुणी मरत नाही. गळती थांबली, माणसं वाचली, जेवलीसुद्धा. आता उरलाय तो एक कागद आणि कागद फायलीत जातो. गीता जिवंतपणी सगळ्यांच्या उपयोगी पडली, गेल्यावरही पडते आहे असं समज. तिला काही त्यातलं वाईट वाटणार नाही. वाटलं तरी ती आता बोलत नाही.

तुझे आई-वडील वीस वर्षं ऊस तोडतात ते तू कोयता धरू नयेस म्हणून. मोहनरावांशी वैर धरून या जिल्ह्यात कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. सही कर, कायम हो, मग काय खरं बोलायचं ते बोल.

समईबद्दल जे लिहिलं ते विसर.

मामा


शिरूर कासार
२० फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्या,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी आलो. काल शिवजयंतीची सुट्टी होती, तेव्हा ते अजून पेटीतच असेल म्हणून आज सकाळी पोस्टात परत मागायला गेलो. पोस्टमास्तर म्हणाले, 'आश्रुबा, पेटीत पडलं ते सरकारचं झालं.' सरकारी माणसाला सरकारी नियम सांगितला की वाद संपतो. म्हणून हे दुसरं.

मोहनराव 'मंग बरोबर हाय' का म्हणाले, ते मला कळलं. ते टोचून बोलले, पण तुला नाही, मला: आश्रुबाच्या घरच्यांना वास आधी लागतो, पण वाकवलं की वाकतात.

२००६ ची गोष्ट. सटवा नावाचा मेंढपाळ होता. त्याची एकवीस मेंढरं मोहनरावांच्या विहिरीवरच्या हौदात पाणी पिऊन मेली. हौदात फवारणीचा पंप धुतला होता. वास मला लांबून आला आणि पोटं फाडल्यावर शंका राहिली नाही. मोहनराव बांधावर उभे होते. 'आश्रुबा, मेंढरं काय, रोगानं बी मरत्यात की.' मी दाखल्यावर 'साथीच्या रोगाने मृत्यू' लिहिलं आणि सही केली. माझी लांब बदली ठरली होती, ती महिन्याभरात रद्द झाली. सटवाला कुणी काही भरून दिलं नाही. त्या दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गेला आणि पुन्हा त्याने मेंढरं घेतली नाहीत. दाखला माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे.

तुझी मामी मला काही बोलली नाही. पण त्यानंतर मी घरात कुठल्याही कागदावर सही करायला लागलो की ती पेन काढून घ्यायची आणि म्हणायची, आधी मोठ्यानं वाचा. पोस्टाचा फॉर्म असो, विजेचा अर्ज असो, तुझं शाळेचं प्रगतीपुस्तक असो. तुला वाटायचं, मामीला तुझे मार्क ऐकायची हौस आहे. तिला मार्क माहीत असायचे. तिला मी वाचताना कुठे अडखळतो ते ऐकायचं असायचं. पोरीच्या प्रगतीपुस्तकात अडखळण्यासारखं काही नसायचं, पण शिक्षा शिक्षा असते.

आणखी एक हिशेब आहे, तो मी तिच्यापुढेही कधी मांडला नाही. ती बदली झाली असती तर तुला शाळेसाठी आमच्याकडे ठेवता आलं नसतं. तू उसाच्या फडात गेली असतीस. म्हणजे तू इंजिनिअर झालीस, त्याच्या तळाशी सटवाची एकवीस मेंढरं आहेत. हे तुला आज सांगतोय, वेळ चुकली असेल. मी वेळेचा कधीच पक्का नव्हतो.

सही कर असं मी लिहिलं, कारण मला तेवढंच येतं. ते ऐकू नकोस. नोकरी गेली तर घरी ये. भाकरी वाकडी असते, पण असते.

मामा


बीड
२६ मार्च २०२५

ती. मामा,

उत्तराला महिना लागला. काय होतंय ते मलाच कळत नव्हतं, तुम्हाला काय लिहिणार?

पहिलं पत्र शनिवारी मिळालं. तुम्ही सही कर म्हणालात, तेव्हा सोमवारी ऑफिसात जाऊन मी कागदावर तारीख घातली. नाव लिहायच्या आधी वॉचमनने दुसरं पत्र आणून दिलं. जिन्यात उभी राहून वाचलं. सटवाबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. सावकाश लिहीन, किंवा आल्यावर समोर बसून बोलू, मोठ्याने.

आत जाऊन साहेबांना म्हटलं, सही करते, पण आमच्या घरी कागद मोठ्याने वाचल्याशिवाय सही करत नाहीत. साहेब म्हणाले, 'वाच की, मीच लिहिलंय.' ऑफिसात सगळे होते. मी वाचायला लागले. 'कोणतीही गळती नव्हती' इथपर्यंत नीट गेलं. 'मामींचे नुकतेच निधन' इथे मी अडखळले. मुद्दाम नाही. मग दारातून रामेश्वरकाका म्हणाले, 'साहेब, नट म्या आवळलाय. फुगे म्या बघितले. मला बी भास झाला म्हणून लिवा. माझ्या घरचं कोन मेलं ते मातर तुमीच सांगा.'

साहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही. ते काहीच फाडत नाहीत.

चार दिवसांनी इथल्या एका साप्ताहिकात बातमी आली. कात्रण सोबत आहे. 'मोहनरावांच्या प्रसंगावधानाने मोठा अनर्थ टळला. वायुगळतीची चाहूल लागताच मेणबत्ती स्वतः विझवली.' कुणी सुचवलं ते माहीत नाही, पण त्या दिवसापासून साहेबांना वरून फोन नाही. गळती आता अधिकृत झाली आहे, तेव्हा भास रद्द. मोहनरावांचा सत्कारही झाला. तिथे समई नव्हती, बटण दाबायचं होतं. ते मी जोडलं होतं.

मला काढलं नाही. पारखायचे महिने तीनने वाढवलेत, 'वर्तनात सुधारणा अपेक्षित' या शेऱ्याने. आणि इंजिनिअर लोक टाळतात ते काम दिलंय. एका गल्लीतल्या चाळीस स्वयंपाकघरांत गॅस चालू करून द्यायचा, प्रत्येक बर्नर पेटवून दाखवायचा, फॉर्म भरायचा.

पहिलं घर साखराबाई नावाच्या आजींचं. मी बर्नर पेटवला आणि आता समजावून सांगणार, तर त्यांनी मला बाजूला सारलं. शेगडीला हळद-कुंकू लावलं, पातेलं चढवलं आणि काठोकाठ दूध ओतलं.

'आजी, एवढं दूध? उतू जाईल.'

'जायलाच पायजे. नव्या चुलीवर दूध उतू घालवत्यात. तुज्या आईनं शिकिवलं न्हाई का?'

'चुलीचं ठीक आहे. शेगडी दुधाने विझते. विझली की गॅस तसाच सुटत राहतो.'

'सुटू दे की. तू कशाला हाईस?'

मी बटणावर हात ठेवून उभी राहिले. दूध वर आलं, चारी बाजूंनी गेलं, ज्योत विझली, त्याच क्षणी मी बटण फिरवलं. यंत्र गप्प राहिलं. पुसून, खिडकी उघडून पुन्हा पेटवलं. आजींनी त्यातलंच दूध मला प्यायला दिलं.

आतापर्यंत सत्तावीस घरं झाली. दूध उतू न घालवणारं एकही नाही. आता मीच आधी विचारते, दूध आहे का, आणि बटणाशी उभी राहते. मुंबईच्या तज्ज्ञांनी बनवलेल्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही. शेऱ्याच्या जागी मी हाताने लिहिते: 'ज्योत दुधाने विझली. गॅस तत्काळ बंद केला. पुन्हा पेटवून तपासले.' साहेब म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही, 'ठीक' लिहीत जा. मी म्हटलं, ठीक तर आहेच.

मग घरातल्या बाईला सगळं वाचून दाखवते आणि खाली सही करते. सत्तावीसच्या सत्तावीस माझ्या आहेत.

शिवकन्या